तो क्रॅपी नाही, फ्लायर आहे: खालच्या पराचे काटे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही उत्तर कॅरोलिनातल्या रॅली शहरात राहता. मार्चअखेरीस दोन कुटुंबं मिळून मर्चंट्स मिलपाँड या तळ्यावर कनू (वल्ह्याची अरुंद होडी) घेऊन गेलात, सायप्रसच्या खोडाशी गांडूळ लावून गळ टाकलात आणि तळहाताएवढा, वाटोळा, अंगभर ठिपके असलेला मासा लागला. मित्र म्हणाला ब्लूगिल, मोबाइलमधल्या ॲपने सांगितलं ब्लॅक क्रॅपी. तुम्हाला दोन्ही पटलं नाही म्हणून फोटो पाठवलात. हा कोण, परत कसा मिळेल, खाल्ला तर चालेल का, आणि मुलीला तो घरच्या टाकीत ठेवायचाय, ते जमेल का?

हा फ्लायर. फोटो हललेला आहे, मित्राच्या अंगठ्याखाली अर्धा मासा झाकला गेलाय, तरी डोळ्याखालचा काळा ओघळ स्वच्छ दिसतोय. काजळ घातलेलं मूल रडलं की गालावर जशी रेघ उतरते, तशी. त्यात खवल्याखवल्यावरचे ठिपके एकामागे एक येऊन अंगावर आडव्या ओळी धरतायत. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की मला फारशी शंका राहत नाही. तरीही तुम्ही माझ्यावर किंवा ॲपवर भिस्त ठेवू नका, कारण रंग आणि ठिपके दोन्ही फसवतात. मासा बादलीत पाच मिनिटं राहिला की फिका पडतो, विणीच्या दिवसांत काळवंडतो, आणि गढूळ पाण्यातला नि चहाच्या रंगाच्या पाण्यातला एकच मासा दोन जातींचे वाटावेत इतके वेगळे दिसतात. मोजता येते ती गोष्ट मोजावी. इथे मोजायचे ते काटे.

मासा डाव्या हातात धरा, हात आधी ओला करून. उजव्या हाताच्या नखाने शेपटीच्या अलीकडचा, पोटाखालचा पर हळूच पुढे ओढून उघडा. पुस्तकी मराठीत याला गुदपर म्हणतात. त्याच्या पुढच्या भागात टोकदार, कडक काटे असतात आणि मागे मऊ, फांद्या फुटलेल्या शलाका. फक्त कडक काटे मोजायचे. पहिला काटा फार आखूड असतो, कातडीत दडल्यासारखा, तो हमखास सुटतो, म्हणून नख अगदी पुढून फिरवत आणा. सात किंवा आठ भरले तर पाठीवरच्या पराकडे वळा. तिथे अकरा ते तेरा काटे मिळाले की प्रश्न संपला. इथल्या पाण्यात हा हिशेब दुसऱ्या कुणाचा जुळत नाही.

या माशाचं शास्त्रीय नाव सेंट्रार्कस मॅक्रॉप्टेरस. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1801 मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा जातीचं नाव मॅक्रॉप्टेरस ठेवलं, म्हणजे मोठ्या परांचा. सेंट्रार्कस हे प्रजातीचं नाव ग्रीकमधल्या काटा आणि गुदद्वार या दोन शब्दांवरून आलेलं आहे. थोडक्यात, काटे कुठे मोजायचे ते नावातच लिहून ठेवलंय. या प्रजातीत आज हा एकटाच मासा आहे, पण बास, क्रॅपी, ब्लूगिल असे अमेरिकेतले कितीतरी नामांकित गोड्या पाण्यातले शिकारी मासे ज्या कुळात येतात, त्या आख्ख्या सनफिश कुळाला याच्यावरून नाव मिळालं. घरातला सर्वांत बुजरा माणूस आणि घराण्याला नाव त्याचं.

आता ॲप का चुकलं ते सांगतो, कारण मीही तिथेच चुकलो होतो. अमेरिकेत आल्यावर पहिली तीन वर्षं मी फ्लायरला लहान क्रॅपी समजत होतो. चिपळूणला वाशिष्ठीच्या खाडीवर लहानपण गेलेलं, गरवणं हातात होतं, मासे ओळखतो असा माज होता. ब्लॅक क्रॅपीच्या अंगावर काळे डाग असतात, अंग चपटं आणि उंच असतं, वरचा-खालचा पर जवळजवळ सारखा असतो, आणि हे सगळं फ्लायरलाही लागू पडतं. एकदा धक्क्यावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाने माझ्या बादलीत डोकावून मान हलवली, एक मासा उचलला, आणि काही न बोलता पाठीवरचा पर उघडून माझ्यासमोर धरला. ब्लॅक क्रॅपीला पाठीवर सात-आठ काटे असतात, व्हाइट क्रॅपीला साधारण सहा. त्याने माझ्या डोळ्यांदेखत बारा मोजले. मग म्हणाला, याचं तोंड बघ. क्रॅपीचं तोंड मोठं, जबडा डोळ्याखालपर्यंत जाणारा. याचं तोंड चिमणीएवढं. क्रॅपीच्या कपाळाला डोळ्यावर खोलगट बाक असतो, याचं कपाळ त्या मानाने सरळ उतरतं. तीन वर्षांच्या बादल्या डोळ्यांसमोरून गेल्या.

मित्राच्या ब्लूगिलचा निकाल त्याहून लवकर लागतो. ब्लूगिल, रेडब्रेस्ट, पम्पकिनसीड, वॉरमाउथ हे सगळे एका प्रजातीतले, आणि यांच्या गुदपरात काटे फक्त तीन. सात कुठे, तीन कुठे. शिवाय ब्लूगिलच्या कल्ल्याच्या झाकणावर मागे काळा, मऊ कानासारखा तुकडा असतो. वॉरमाउथ त्याच दलदलीत राहतो आणि त्याच्याही डोळ्यापासून काळपट रेघा निघतात, म्हणून नवखा गोंधळतो, पण त्या रेघा मागे कल्ल्याकडे जातात आणि तोंड बटव्यासारखं उघडतं.

खरी डोकेदुखी मड सनफिशची. तोही काळ्या पाण्यातला, तोही दुर्मिळ, रात्री हिंडणारा. त्याच्या गुदपरात काटे पाचच्या आसपास असतात, शेपटी गोल असते (फ्लायरची मध्ये किंचित खाचलेली) आणि अंगावर ठिपक्यांऐवजी जाड आडवे पट्टे असतात. तो लागलाच तर मला फोटो जरूर पाठवा. इतक्या वर्षांत माझ्या हाताला तो दोनदाच लागला आहे. रॉक बासचे लाल डोळे बघून काही जण चक्रावतात, पण तो वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्यातला, दलदलीत तुमची त्याची गाठ पडायची नाही.

एक गंमत पिल्लांची. बोटाएवढा फ्लायर मिळाला तर पाठीवरच्या पराच्या मागच्या मऊ भागात नारिंगी कड्यातला काळा ठिपका दिसेल, अगदी मोरपिसावरच्या डोळ्यासारखा. वय वाढलं की तो पुसला जातो. पिल्लू आणि मोठा मासा शेजारी ठेवले तर नवशिक्या माणसाला ते दोन जातींचे वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही.

तुम्हाला कोकणातली काळुंदर माहीत असेल तर आकाराचा अंदाज येईल: तशीच चपटी, उभी, ताटलीसारखी. नातं काही नाही. आकारही लहानच, बहुतेक चार ते सहा इंच. सात इंचाचा मिळाला तर मी तो फोटो वर्षभर दाखवत फिरतो. जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदलेल्या फ्लायरचं वजनही एका पौंडाच्या थोडंच वर आहे. ज्यांना मोठा मासा हवा त्यांनी या नादी लागू नये.

आता कुठे मिळतो. मिळतो तिथे बऱ्यापैकी मिळतो, आणि शेजारच्या तळ्यात नावालाही नसतो. लोक त्याला दुर्मिळ म्हणतात ते यामुळे. मेरीलँड-व्हर्जिनियाच्या किनारी सपाटीपासून खाली मध्य फ्लोरिडापर्यंत, तिथून पश्चिमेला पूर्व टेक्सासपर्यंत आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातून वर इलिनॉय-इंडियानाच्या दक्षिण टोकापर्यंत त्याचा पसारा आहे. नकाशावर हे खूप वाटतं. प्रत्यक्षात त्याला लागतं ते पाणी ठरावीक: संथ, उथळ, झाडीने झाकलेलं आणि कोऱ्या चहासारखं. सायप्रसची पानं, कुजका पाला, पीटची माती यांतून टॅनिन आणि सेंद्रिय आम्लं पाण्यात उतरतात. पाणी मुख्यतः पावसाचं, त्यामुळे आम्ल मारायला क्षार नसतात. पीएच 4 च्या आसपास जाईल अशा पाण्यातही फ्लायर टिकतो. अशा ठिकाणी ब्लूगिलला पिल्लं वाढवणं जड जातं, त्याचा जोर ओसरतो आणि फ्लायरला जागा मिळते. उलट, गोल्फच्या मैदानातलं चुना टाकलेलं, हिरवट, खतावलेलं तळं असेल तर तिथे ब्लूगिल राज्य करतो. तिथे फ्लायर शोधणं म्हणजे एसटी स्टँडवर विमानाची वाट बघणं.

तुम्ही गेलात ती जागा पाठ्यपुस्तकात छापावी अशी आहे. बेनेट्स क्रीकवर 1811 मध्ये गिरणीसाठी बांध घातला, त्यामागे साधारण 760 एकरांचं तळं साचलं, आणि दोनशे वर्षांत त्यात सायप्रस नि टुपेलोची झाडं उभी राहिली. गिरण्या गेल्या, तळं उरलं, 1973 पासून ते राज्याच्या उद्यानात आहे. वरच्या अंगाला लॅसिटर स्वॉम्प आहे, तिथे कनू घालायची असेल तर खुणेच्या खांबांवरून नजर हलवू नका. झाडं सगळी सारखी दिसतात आणि दुपारनंतर दिशा कळत नाही. आणि हो, तिथे मगरी आहेत, ॲलिगेटर. थोड्या आहेत, माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण मासे दोरीला ओवून पाण्यात लोंबते ठेवायची आपल्याकडची सवय तिथे नको.

फ्लायरसाठी पंढरी म्हणावी अशी जागा मात्र जॉर्जियातली ओकेफेनोकी ही दलदल. तिथे हा मासा मुख्य पात्रांपैकी एक आहे, आणि स्थानिक लोक त्याला चिमुकल्या पिवळ्या कृत्रिम किड्यावर गरवतात. त्या किड्याला ते यलो सॅली म्हणतात. बिनरिळाची लांब फायबरची काठी, तेवढाच लांब दोरा, टोकाला सॅली. कनूतून लिलीच्या पानांच्या फटीत ती अलगद सोडायची, दोन वीत बुडू द्यायची, हळूच उचलायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आलं. शेवग्याच्या शेंगा काढायच्या काठीने आम्ही पऱ्ह्यात मळ्ये धरायचो, तोच प्रकार.

तेव्हा साधनांवर पैसे उधळू नका. दहा फुटांची साधी काठी पुरते. रीळ हवंच असेल तर पाच-साडेपाच फुटांचा हलका रॉड आणि चार पौंडी तंगूस, दोन पौंडी मिळाला तर उत्तम. गळ आठ किंवा दहा नंबरचा, लांब दांड्याचा. दांडा लांब हवा कारण तोंड इतकं लहान असतं की गिळलेला आखूड गळ काढताना मासा मरतो. शिसं म्हणाल तर मिरीच्या दाण्याएवढं एक, गळापासून वीतभर वर. फ्लोट पेन्सिलीसारखा बारीक. लाल-पांढरा गोल चेंडू लावलात तर माशाला तो ओढायला जड जातो आणि तो आमिष सोडून देतो. तुमच्या फोटोत कोपऱ्यात तोच चेंडू दिसतोय. एवढ्या जड फ्लोटवर तो मासा लागला हे त्याचं दुर्दैव.

आमिषात गांडूळ चालतं, पण आख्खं नको, नखाएवढा तुकडा. जिवंत रातकिडा त्याहून सरस. याचं खाणं म्हणजे पाण्यातले किडे, डासांच्या अळ्या, बारीक कवचवाले जीव, क्वचित एखादं मत्स्यपिल्लू. म्हणजे आमिष लहान आणि सावकाश बुडणारं हवं. कृत्रिम हवं तर औंसाच्या चौसष्टाव्या भागाचं जिग (शिसं जडवलेला गळ), पिवळं किंवा फिकट गुलाबी. फ्लाय रॉड चालवत असाल तर तीन नंबरचा रॉड आणि दहा-बारा नंबरचा गळ. संध्याकाळी पाण्यावर तरंगणारी माशीही तो घेतो.

वेळ सांगतो. पहाटेची पहिली घटका आणि सूर्य झाडांमागे गेल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास. मोसम मार्च-एप्रिल. पाणी 17 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की विणीला लागतो. नर उथळात वाटीसारखं घरटं कोरून राखण करतो. इतर सनफिश अजून थंडीने सुस्त असतात तेव्हा हा खायला लागलेला असतो, हे लक्षात ठेवलंत तर फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार रविवारीही निराश होऊन परतणार नाही. जुलैत मी जातच नाही. डास, गोचीड, कॉटनमाउथ साप, आणि मासा सावलीत निवांत पडलेला.

खोली ठरवताना बहुतेक जण चुकतात. तळाशी नाही, पाण्याच्या पृष्ठाखाली फूट-दीड फूट. सायप्रसचं खोड जिथे पाण्यात फुगून पसरतं, तिथे त्या फुगवट्याच्या सावलीच्या कडेला टाका. सावलीच्या आत नको, कडेला. टाकून झालं की काहीही करू नका.

चाव्याचंच थोडं सांगतो, कारण फ्लायरची चाहूल शिकावी लागते. ब्लूगिल फ्लोट खाली खेचतो, टुबुक करून. फ्लायर तसं करत नाही. फ्लोट उभा असतो तो किंचित कलतो, मग एका बाजूला सरकू लागतो, वारा नसताना, कुणीतरी खालून बोट लावल्यासारखा. कधी कधी उलटं होतं: मासा आमिष घेऊन वर येतो आणि फ्लोट आडवा पडतो. नवखा माणूस फ्लोट बुडण्याची वाट बघतो आणि मासा आमिष थुंकून निघून जातो. फ्लोट सरकू लागला की मनात एक-दोन म्हणा आणि मनगटाने काठी उचला, झटका नको. जबडा नाजूक आहे, हिसडा दिलात तर फाटतो. मागच्या वर्षी एका संध्याकाळी एकाच खोडापाशी सलग चार गमावले, कारण त्याआधी दिवसभर बास गरवले होते आणि हात त्या हिसड्याला सोकावला होता. पाचव्या वेळी काठी डाव्या हातात घेतली. डाव्या हातात जोर नव्हता, म्हणून तो मिळाला.

मासा हाती आला की पुढून मागे हात फिरवत काटे मिटवा. बारा वर आणि आठ खाली, म्हणजे वीस काटे आहेत. विषारी नाहीत, पण दलदलीच्या पाण्यात बोट टोचलं की दोन दिवस ठसठसतं.

कायद्याचं एवढंच की उत्तर कॅरोलिनात सोळा आणि त्यापुढच्या वयाला गोड्या पाण्यात गरवायचा परवाना लागतो. काठी धरणाऱ्या प्रत्येकाला, नुसता कनू चालवणाऱ्याला नाही. दिवसाला किती मासे ठेवता येतात ते दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. ओकेफेनोकीला गेलात तर तिथल्या वन्यजीव आश्रयस्थानाचे नियम वेगळे वाचा, जिवंत मासा आमिष म्हणून तिथे चालत नाही.

खाण्याबद्दल. चव चांगली आहे, मांस पांढरं, सौम्य, थोडं गोडसर. अडचण अशी की एका माशात दोन घास आणि काटे भरपूर. फिले काढायला बसू नका. खवले काढा, डोकं-आतडी काढा, दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्या, आगळ, मीठ, तिखट, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा आणि रव्यात घोळवून कुरकुरीत तळा. बारके पर चिप्ससारखे लागतात, माझी पोरं आधी तेच मोडून खायची.

पण रोज नको. आम्लधर्मी, काळ्या पाण्यात पारा जिवाणूंच्या हातून मिथाइल पाऱ्यात बदलतो आणि माशामाशातून वर चढत जातो. जो मासा दुसरे मासे खाऊन मोठा आणि म्हातारा होतो, त्याच्यात तो जास्त साठतो. म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याने आय-85 महामार्गाच्या पूर्व-दक्षिणेकडच्या पाण्यातले बोफिन, चेन पिकरेल, लार्जमाउथ बास, वॉरमाउथ यांच्याबद्दल लहान मुलांना आणि गरोदर बायकांना खाऊ नका असं सांगितलंय. फ्लायर किडे खाणारा, लहान, त्या मानाने सुरक्षित पायरीवर आहे, पण राहतो त्याच पाण्यात. आम्ही मोसमात एकदा-दोनदा खातो, बाकी सोडून देतो. आणि बोफिन लागला तर हुबेहूब मरळ दिसतो, तोही वर येऊन हवा घेतो, तोही पिल्लं राखतो. आपल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. आवरा.

राहिली टाकी. मुलीला सांगा, आत्ता नको. एक तर पकडलेला मासा जिवंत घरी न्यायला नियम आडवे येतात. दुसरं, फ्लायरला मऊ, आम्ल पाणी लागतं, आणि नळाच्या पाण्याला तसं करून तसंच टिकवणं नवख्याचं काम नाही. तिसरं सर्वांत अवघड: तो कोरडं खाणं सहसा ओळखतच नाही. हलणारं काहीतरी रोज द्यावं लागतं, म्हणजे बाल्कनीत मुद्दाम डासांच्या अळ्या पाळाव्या लागतील, आणि तुमच्या सोसायटीची पुढची मीटिंग त्याच विषयावर होईल.

त्याऐवजी पुढच्या खेपेला एक चपटी, पारदर्शक प्लास्टिकची डबी न्या, लोणच्याची चौकोनी बरणीही चालेल. तळ्यातलंच पाणी भरा, मासा मिनिटभर आत ठेवा. पाण्यात पर आपोआप उघडतात. डबी उन्हासमोर धरून मुलीला खालचे काटे मोजू द्या, मग एक फोटो बाजूने सरळ, अंगठा बाहेर ठेवून. डबी पाण्यात तिरकी केली की तो स्वतः निघून जातो. मोजून किती भरले ते मला कळवा. सहा सांगितलेत तर पहिला आखूड काटा सुटलाय, किंवा तो खरोखरच क्रॅपी आहे.